सत्तावीस नंबरची बाई

बटणांच्या कारखान्यात सगुणाबाईला साडेतीन वर्षं झाली होती, पण तिथे सगुणाबाई नावाची बाई कामालाच नव्हती. होती ती सत्तावीस नंबरची कौसाबाई.

कौसाबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. कल्याणजवळचा निर्वासितांचा कॅम्प पाच आणि अंबरनाथ यांच्या मधल्या माळावर जयदेवशेठ नावाच्या सिंधी माणसानं लष्कराच्या रिकाम्या बराकीत बटणांचा कारखाना काढला, तेव्हा कुळगावातल्या बायांमधून पहिलं नाव लावलं ते कौसाबाईनं. पितळेचा बिल्ला मिळाला, रजिस्टरात नाव चढलं, सोमवारपासून यायला सांगितलं, आणि शनिवारी ही बाई विहिरीच्या पायरीवरून घसरली. कमरेचं हाड मोडलं. हाती आलेली जागा सोडायची कशी? घरात तोंडं पाच, शेतातला भात पुरायचा तो फाल्गुनापर्यंत, आणि सगुणाबाईचा नवरा कोंडाजी वर्षापूर्वीच तापानं गेलेला. कौसाबाईनं खाटेवरूनच बिल्ला धाकट्या जावेच्या हातात दिला आणि सांगितलं, महिनाभर तू जा, मी उठले की परत घेईन. ती उठली, पण काठी घेऊन, आणि अंगणापलीकडे काही जाऊ शकली नाही. त्या महिन्याची साडेतीन वर्षं झाली.

यात आपण कुणाला फसवतो आहोत असं सगुणाबाईच्या मनातही आलं नव्हतं. कारखान्यात तशी रीतच पडून गेली होती. एखादी बाळंत झाली की तिच्या बिल्ल्यावर नणंद यायची, एखादीची सासू अंथरुणाला खिळली की सून यायची. बिल्ला घराचा, मग त्यावर घरातलं कुणीही येवो, असं बायांचं सरळ मत होतं. चाळीस बायांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या विष्णुपंतांना, आणि आपण प्रत्येक बाईला ओळखतो म्हणून छाती पुढे काढून फिरत होते तेही विष्णुपंतच.

विष्णुपंत कारखान्याचे टाइमकीपर. राहायला कुळगावातच, वरच्या आळीला. माणूस लाच न खाणारा, वेळेचा पक्का, आणि वाकून लिहिण्याची इतकी सवय झालेला की मान वर करून बघणं त्यांना जमेनासं झालं होतं. सकाळी फाटकाशी टेबल मांडून ते बसत. बाई यायची, बिल्ला पुढे करायची, ते नंबर बघायचे आणि रजिस्टरातलं नाव वाचायचे. "सत्तावीस, कौसाबाई बाळाजी." सगुणाबाई म्हणायची, "हजर." झाली ओळख. बिल्ला घरी विसरलेल्या बाईला ते उन्हातान्हातून परत कुळगावला पिटाळायचे, मग ती रोज समोर बसणारी का असेना.

अशातच देशातली पहिली मोठी निवडणूक आली. सन बावन्नचा जानेवारी. गावोगाव माणसं ऐटीत बोलायला लागली, बैलगाड्यांवर कागद चिकटले, आणि विष्णुपंत एका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून कुळगावच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर बसणार असं ठरलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. मतदाराकडे पुरावा मागणारच नाहीत म्हणे! नुसतं नाव सांगायचं आणि मत द्यायचं!

दुपारच्या सुटीत बाया भाकरी सोडून बसल्या की पंत यायचे आणि यावरच बोलायचे. आमच्या कारखान्यात बिल्ल्याशिवाय मांजर आत येत नाही, आणि राज्य कुणी करायचं हे ठरवायला कुणीही सोम्यागोम्या येणार? कॅम्पात रोज नवी माणसं येताहेत, गावात कोकणातून, देशावरून येताहेत. एकाचं नाव दुसऱ्यानं सांगितलं तर कोण धरणार? पुराव्याशिवाय कुणालाही मत देऊ देऊ नये असा अर्जसुद्धा त्यांनी कल्याणच्या कचेरीत धाडला होता. उत्तर आलं नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. कुळगाव-बदलापूरच्या बायांनी मताला येताना बिल्ले घेऊन यायचं. "मी तिथे बसलेलोच आहे," ते म्हणाले. "बिल्ला बघीन, नाव सांगीन. तुम्हाला तोंड उघडायलाही लागायचं नाही."

सगुणाबाईचा घास तोंडातच फिरायला लागला. पंतांचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं नाही. एकाच्या नावावर दुसऱ्यानं मत दिलं तर ती चोरीच. पण ज्या चोराची पंतांना इतकी धास्ती, तो त्यांच्याच समोर मांडी घालून भाकरी खात होता, आणि त्याच्या कनवटीला पंतांनीच दिलेला पुरावा होता. तिला हसू आलं, आणि तिनं बिल्ला पदराखाली सारला.

घरी येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं की मताला जायचंच नाही. जाऊन खरं नाव सांगितलं तर पंत तिथेच ओळखतील, जागा जाईल, आणि चैत्रात चूल कशी पेटायची? आणि कौसाबाई म्हणून मत द्यावं, तर ते पाप. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. बाळाजी, तिचा थोरला दीर, लगेच मान डोलवून म्हणाला की बरोबर आहे, एका मतानं कुणाचं काय अडतंय. तो भिडस्त माणूस. फाटक, टेबल, शाई असं काही दिसलं की त्याला आपलाच काही गुन्हा झाल्यासारखं वाटायचं.

पण कौसाबाई खाटेवर ताठ बसली. यादी करणारा कारकून दारी आला होता तेव्हा घरी तीच होती. दोघींची नावं तिनंच उभी राहून लिहवली होती, एकाखाली एक.

"मी जानार," ती म्हणाली. "गाडी जुपा नायतर पाठंगुळी मारून न्या. तीन वरसं माजं नाव रोज कामाला जातंय नि मी हितं खाटंवर. ह्या दिवशी तरी मी नि माजं नाव संगट जाऊ."

मग ती सगुणाबाईकडे वळली. "नि तू पन येयाचं. तुज्या नावानं."

"जागा जाईल, जाऊबाय."

"जाईल," कौसाबाई म्हणाली. तिनं काही धीर दिला नाही, काही गोड बोलली नाही. थोडा वेळ ती काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "पन तुजं नाव यादीत माज्या नावाखाली हाय. त्ये तसंच कोरं ऱ्हायलं, तर सरकारला वाटंल का तू कोंडाजीबरूबरच गेलीस."

हे शब्द सगुणाबाईला झोंबले. तिला आठवेना की गेल्या तीन वर्षांत तिला सगुणा म्हणून हाक कुणी मारली. घरात ती 'अगं', पुतण्यांची 'काकी', वाटेत आणि कारखान्यात कौसाबाई. कोंडाजी मारायचा ती हाक, लांबून, शेताच्या बांधावरून. तिला एकदम रडू आलं, आणि ती ते न लपवता रडली.

मतदानाच्या दिवशी कारखान्याला सुटी होती. बाळाजीनं गाडी जुंपली, गवतावर गोधडी टाकली आणि कौसाबाईला तिच्यावर बसवलं. तिनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि वाटेतल्या प्रत्येकाला ती स्वतःहून हाक मारत होती. सगुणाबाई गाडीमागून चालत होती. बिल्ला तिनं कनवटीला लावला होता, कारण तो घरी ठेवून आलो तर आपण भित्र्या ठरू असं तिला वाटलं.

शाळेच्या पटांगणात बायांची रांग वेगळी आणि लांबलचक होती. कौसाबाईला गाडीतून उतरवून बाकावर बसवायला वेळ लागला, तोवर रांग पुढे सरकली आणि सगुणाबाई एकटीच वर्गात शिरली.

आत टेबलाशी दोन कारकून, मधल्या खुर्चीवर श्यामकांत नावाचे मुख्य अधिकारी, एरवी कल्याणच्या शाळेत गणित शिकवणारे. कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा, त्याच्यामागे मतपेट्या, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याच्या चिन्हाचं चित्र. दाराशी स्टुलावर गावचे पोलीस पाटील. आणि भिंतीला लागून बाकावर, मांडीवर याद्या पसरून, विष्णुपंत. कारखान्यातल्या पाचसहा बाया त्यांच्यासमोरून बिल्ला दाखवून आधीच मत देऊन गेल्या होत्या, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

कारकुनानं नाव विचारायच्या आतच पंतांना तिच्या कनवटीच्या बिल्ल्यावरचा आकडा दिसला. ते म्हणाले, "या या. सत्तावीस ना? कौसाबाई बाळाजी. घरोब्यातली बाई आहे, साहेब. लिहा."

कारकुनाचं बोट यादीवरून खाली आलं आणि कौसाबाईच्या नावावर थांबलं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिली असती तर जागा राहिली असती, कुणाला काही कळलं नसतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या कौसाबाईचं मत तिच्याआधी कुणी तरी देऊन गेलेलं निघालं असतं.  सगुणाबाईनं टेबलाची कड धरली.

"त्ये नाव माजं नाय," ती म्हणाली. "त्येच्या खालचं माजं. सगुणाबाय."

कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव तिनं लग्नानंतर सरळ तोंडानं कधी घेतलं नव्हतं. लग्नात घेतलं तेही गाण्यात बांधून. तिनं एकदा पदर सारखा केला आणि स्पष्ट सांगितलं, "कोंडाजी."

पंत बाकावरून उठलेच. त्यांचा आवाज चिरका झाला. साहेब, ही बाई खोटं सांगते आहे, मी आक्षेप घेतो. साडेतीन वर्षं रोज मी स्वतः हिची हजेरी लावली आहे. हेच मी ओरडून सांगत होतो, पुरावा मागा, पुरावा मागा! आता मागाच. तिच्याकडे आहे पुरावा.

श्यामकांतांनी चष्मा पुसला. ते सावकाश म्हणाले की मतदाराकडे कागद मागावा असा नियम नाही. पण तुम्ही हरकत घेतली आहे, तेव्हा चौकशी करणं माझं काम. मग ते सगुणाबाईला म्हणाले की दुसऱ्याच्या नावानं मत देणं हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे, तेव्हा बाई, विचार करून सांगा.

सगुणाबाईनं कनवटीचा बिल्ला सोडला आणि टेबलावर ठेवला.

"ह्यो कौसाबायचा हाय," ती म्हणाली. "कामावर मी ह्येच्यावर जाते, त्ये खरं. पोटासाठी जाते. तिथं पंत ह्येला वळखतात, मला नाय. पन मत पोटासाठी नाय ना द्येयाचं, सायेब? मग हितं तरी मी खोटं कशाला बोलू?"

 श्यामकांतांनी दाराकडे बघून पोलीस पाटलांना विचारलं की तुम्ही हिला ओळखता का. पाटील स्टुलावरून उठले सुद्धा नाहीत. ते म्हणाले, ही कोंडाजीची बायको सगुणा, हिच्या लग्नात मी जेवलोय, आणि कोंडाजी गेला त्याची नोंद माझ्याच हातची आहे. कौसाबाई पाहिजे असेल तर ती काय बाहेर बाकावर बसली आहे, आणि मघापासून रांगेतल्या बायांना हुकूम सोडते आहे.

पंतांनी दाराबाहेर डोकावून बघितलं. हिरव्या लुगड्यातली बाई बाळाजीच्या खांद्याला धरून उठतच होती. काठी टेकत ती आत आली, आणि कुणी काही विचारायच्या आत खणखणीत आवाजात सांगती झाली, "कौसाबाय बाळाजी. मीच ती."

पंत खाली बसले. ज्या कौसाबाईच्या नावासमोर त्यांनी जवळजवळ हजार वेळा टीक केली होती, जिला बिल्ला देतानाही त्यांनी मान वर केली नव्हती, ती त्यांना जन्मात पहिल्यांदा दिसत होती. हातातली पेन्सिल त्यांनी कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. श्यामकांतांनी हरकत फेटाळल्याचं लिहिलं आणि बिल्ला उचलून सगुणाबाईला परत दिला. "हा ज्यांचा आहे त्यांना द्या," ते म्हणाले. "इथे याचं काम नाही."

मग तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लागली. आडोशामागे गेल्यावर ती क्षणभर नुसतीच उभी राहिली. मग तिनं कागद पेटीत टाकला. कुठल्या पेटीत टाकला हे तिनं पुढे कौसाबाईलाही सांगितलं नाही, आणि कौसाबाईनं ते वर्षभर काढून घ्यायचा प्रयत्न केला. परतताना दोघी गाडीत शेजारी बसल्या. बाळाजी पुढे बैल हाकत होता आणि दर चार पावलांनी 'आता काय?' असं पुटपुटत होता.  दोघींना मात्र त्या वेळी राणीसारखं वाटत होतं, आणि ते त्यांनी घरापर्यंत टिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगुणाबाईचं पाऊल जड झालं. तरी ती बायांबरोबर रोजच्या वाटेनं चालत गेली, कारण बिल्ला परत करायला हवा होता. फाटकाशी टेबल मांडलेलंच होतं. पंतांचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. तिनं बिल्ला ठेवला आणि नाव सांगितलं. पंत रजिस्टरात बघतच म्हणाले की इथे कौसाबाईची जागा आहे, सगुणाबाईची नाही, तुम्ही घरी जा. आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते ऐकायला आणखीच वाईट वाटलं.

ती वळली. तेवढ्यात रांगेतली तिच्या मागची काशी पुढे झाली. तिनं एकोणीस नंबरचा बिल्ला सत्तावीसच्या शेजारी आपटला. "ह्यो वेनूबायचा. वेनूबाय माजी सासू. मी काशी," ती म्हणाली. "मग मी बी घरी जाते."

तिच्या मागची पुढे आली. मग तिच्या मागची. एकीचा बिल्ला बहिणीचा, एकीचा नणंदेचा, एकीचा तर मेलेल्या आत्याचा. चाळीसांपैकी अकरा बिल्ले टेबलावर पडले, आणि अकराजणी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उरलेल्याही आत जाईनात. पंतांनी अकरा बिल्ले एका रांगेत लावले, पुन्हा मोडले, आणि हताश होऊन त्यांच्याकडे बघत बसले.

यंत्रं का सुरू झाली नाहीत म्हणून जयदेवशेठ बराकीतून बाहेर आला. शेठ काही साधुसंत नव्हता. शुक्रवारी मुंबईच्या व्यापाऱ्याला माल द्यायचा होता आणि तो त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होता. पंतांनी त्याला सगळं सांगितलं, कालचंही लपवलं नाही. शेठनं एकच विचारलं, ही सत्तावीस नंबरवाली काम कसं करते?

पंत वाकडे असतील, खोटे नव्हते. ते म्हणाले, "एक दिवस उशीर नाही. हिनं बटणं शिवलेला एक पुठ्ठा परत आला नाही."

मग नावं बदलून लिहा, शेठ म्हणाला. पंतांनी शेवटचा प्रयत्न केला. कशावरून लिहू? यांच्याकडे यांच्या नावाचा पुरावा काय?

शेठ टेबलाच्या कडेवर बसला. "साईं," तो म्हणाला, "मी कराचीसे आया, जहाज से उतरा, तब जेब में क्या था? घर का कागज नहीं, दुकान का नहीं. अफसर ने पूछा नाम, मी बोला जयदेव. उसने मेरे मुँह की तरफ देखा और लिख लिया. ना लिखता तो मैं कौन होता? तुम भी देखो, और लिखो."

 पंतांनी रजिस्टराचं कोरं पान उघडलं, टाक शाईत बुडवला आणि मान वर केली. एकेका बाईच्या तोंडाकडे ते नीट बघायचे, नाव विचारायचे आणि लिहायचे. काशीच्या हनुवटीवर गोंदण आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. फाटकाबाहेर अडून राहिलेल्या बाया हसत हसत आत येऊन भिंतीशी ओळीनं उभ्या राहिल्या. सगळी नावं लिहून झाल्यावर पंतांनी पान वाळवलं, घसा साफ केला आणि पहिल्यांदाच नंबर न म्हणता नुसत्या नावानं हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"सगुणाबाई कोंडाजी."

कुणी बोललं नाही. सगुणाबाई भिंतीला टेकून उभी होती, आणि इतरांसारखीच इकडेतिकडे बघत होती की ही बाई आहे तरी कोण. काशीनं तिला कोपरानं ढोसलं. पंतांनी थांबून तिच्याकडे बघितलं, आणि रागावल्याशिवाय पुन्हा एकदा हाक मारली, थोडी मोठ्यानं, लांबवर जाईल अशी.

"हजर," सगुणाबाई म्हणाली, इतक्या मोठ्यानं की बराकीतला यंत्रवालाही खिडकीशी आला.